बॉगमध्ये हरणाची शिकार, पण यंदा पाणी भरलंय. जायचं का? (उत्तर विस्कॉन्सिन)

उत्तरेचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, इथे शिकार करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.

मी मॅडिसनला असतो. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांची वर उत्तरेला शक्वामेगन-निकोले नॅशनल फॉरेस्टला लागून केबिन आहे आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी जो नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो त्याला त्यांनी मला बोलावलंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स केलाय (१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतोच), रेंजवर रायफल बऱ्यापैकी चालते, त्याची काळजी नाही. काळजी जागेची आहे. केबिनमागची निम्मी जमीन म्हणे टॅमरॅक नावाच्या झाडांचा बॉग (शेवाळाची दलदल) आहे, त्यात यंदा बीव्हर या बांध घालणाऱ्या प्राण्यांनी ओढा अडवलाय, वरून पाऊस, त्यामुळे जिथून ते दरवर्षी चालत पलीकडच्या उंचवट्यावर जायचे तिथे आता पाणी आहे. आजोबा (म्हणजे तेच सासरे) म्हणतात हरणं तिथेच असतात, आपण तिकडेच जायचं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, उत्साह पंचविशीचा.

तर गमबूट चालतील की छातीपर्यंतचे वेडर्स (पाण्यात चालायची बुटांसकट जलरोधक विजार) घ्यायचे, पाण्यातून जाताना रायफल कशी न्यायची, ट्री स्टँड (झाडाला लावायचं मचाण) असल्या झाडांना लावतात का, आणि समजा पडलोच तर काय. अजून एक, मी एच-वन-बी वर आहे, बंदूक हातात घेतलेली चालते का याबद्दल प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

---

तळ्याकाठचा_काका

पाहुणे, मी आधी एकच विचारतो. त्या उंचवट्यावर हरीण पडलं तर ते बाहेर कसं आणणार? आजोबांना हाच प्रश्न विचारा आणि उत्तर नीट ऐका. "बघू तेव्हा" असं म्हणाले तर तिकडे जायचं नाही, विषय संपला.

चेष्टा नाही करत. पाणथळ जागेत जाताना माणूस ताजातवाना असतो, उजेड असतो, पाठीवर सामान थोडं. येताना दमलेला असतो, साडेचारला सूर्य मावळलेला असतो, अंगातला घाम गार पडलेला असतो आणि मागे दोरीला दीडशे पौंडांचा बक, म्हणजे नर हरीण. घोटे पाण्यात जातात ते तेव्हा. जाणं सोपं असतं म्हणून लोक फसतात. मी तर रस्ता परतीचा आधी ठरवतो, बसायची जागा मग.

आता जागा समजून घ्या. तुमच्याकडे दोन वेगळी पाणी आहेत आणि दोन्हींची खोड वेगळी. बॉग म्हणजे स्फॅग्नम शेवाळाचा थर, कुठे जाड कुठे पातळ, काही ठिकाणी तो थर खालच्या पाण्यावर चक्क तरंगत असतो, चालताना गादीवर चालल्यासारखं हलतं आणि दहा फुटांवरचं झुडूप पण डोलतं. जिथे टॅमरॅक आणि ब्लॅक स्प्रूस दाट उभे आहेत तिथे खाली बऱ्यापैकी आधार असतो. जिथे झाडं खुरटत जातात आणि सपाट, हिरवंगार, मोकळं दिसतं तिथे पाय टाकायचा नाही, दिसायला तीच जागा सगळ्यात सोपी वाटते. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की बॉगच्या मधोमध नाही तर कडेला, जिथे तो कोरड्या जमिनीला भिडतो, तिथेच खंदकासारखी पाण्याची पट्टी असते. म्हणजे पहिल्या वीस पावलांत आणि शेवटच्या वीस पावलांत जास्त धोका.

बीव्हरचं पाणी वेगळं. वरून सगळीकडे गुडघाभर दिसेल, पण बीव्हर फांद्या ओढून न्यायला अरुंद चर खणतात आणि मूळ ओढ्याचं पात्र पण खाली तसंच असतं. एक पाऊल गुडघ्याएवढं, पुढचं कमरेच्या वर. म्हणून हातात खांद्याएवढी मजबूत काठी हवीच, आधी काठी टेकायची मग पाय. काठी आत गेली आणि तळ लागला नाही की मागे फिरायचं, "बाजूने बघू" करत बसायचं नाही.

पाय रुतला तर एका पायावर सगळा जोर देऊन दुसरा ओढू नका, दुसरा आणखी खाली जातो. काठी आडवी धरा, तिच्यावर पुढे किंवा मागे चक्क आडवे व्हा, वजन पसरलं की पाय हलवत हलवत सुटतो. बूट गेला तर जाऊ दे.

थंडीचं आता. नोव्हेंबरच्या शेवटी तिथे वर पातळ बर्फ धरलेला असतो, त्यावर चार बोटं स्नो पडला की सगळं सारखंच पांढरं दिसतं. बॉगवर बर्फ एकसारखा धरत नाही, शेवाळ आणि स्नो दोन्ही थंडी आत जाऊ देत नाहीत, झऱ्यांजवळ तर अजिबात नाही. शेजारच्या मिनेसोटाचं डीएनआर (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) चालायला कमीत कमी चार इंच नवीन पारदर्शक बर्फ हवा म्हणतं, पांढऱ्या दुधाळ बर्फाची ताकद त्याच्या निम्मीच धरायची. गन सीझनमध्ये बीव्हरच्या तळ्यावर असा चार इंच खात्रीचा बर्फ मिळेल असं मी तरी धरून चालत नाही.

पडलात तर मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सांगितलेला एक-दहा-एक चा हिशोब पाठ करा. पहिलं एक मिनिट धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही, त्या मिनिटात फक्त तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, बाकी काही नाही. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, बाहेर यायचं ते त्यातच. आणि थंडीने शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. लोक घाबरून पहिल्याच मिनिटात सगळी ताकद घालवतात. ज्या बाजूने आलात त्याच बाजूला तोंड करा कारण तिथल्या बर्फाने तुम्हाला इथपर्यंत तरी पेललंय, पाय मागे पाण्यात आडवे मारत पोटावर सरकत वर या, आणि वर आल्यावर उभे राहू नका, लोळत लांब जा. गळ्यात आइस पिक्स असू द्या, दोन दांड्यांना खिळे असतात ते, चार पैशांची वस्तू पण ओल्या बर्फावर नुसत्या हाताला पकड मिळतच नाही.

अंगात कॉटन नको. बनियनपासून मोज्यापर्यंत लोकर किंवा सिंथेटिक. आणि ड्राय बॅगमध्ये कपड्यांचा एक पूर्ण जोड, लायटर, पेटवायला काहीतरी. ती बॅग गाडीत नाही, पाठीवर.

---

फॉर्म_भरणारा

एच-वन-बी बद्दल. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही जवळ बाळगायला मनाई आहे, उसनी घेतलेली असली तरी. पण त्याच कायद्यात अपवाद आहे, अमेरिकेतल्या राज्याचं वैध शिकार लायसन्स तुमच्याकडे असेल तर चालतं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा, आधी लायसन्स खिशात, मग बंदुकीला हात. सीझन संपून लायसन्स संपलं की तो आधार पण संपला. ग्रीनकार्डवाल्यांना ही मनाई नाही. लोक इथे रेंजचं काय, बायको एच-फोर वर आहे तिचं काय असं विचारतील, तर तिला पण हाच नियम. तुमच्या ग्रीनकार्डच्या फाइलचा प्रश्न आहे, एक कन्सल्टेशन फी वाचवू नका, इमिग्रेशन वकिलाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

---

शाकाहारी_सदा

हे काय चाललंय? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, आणि इथे येऊन मराठी माणसं हरणं मारायचं प्लॅनिंग करतायत, वर काका टिप्स देतायत. कान्ह्याचा बारशिंगा बघा, ज्याला इंग्रजीत दलदलीचं हरीण म्हणतात त्याच जातीचं ते, संपत आलं होतं म्हणून जपावं लागलं.

---

तळ्याकाठचा_काका

सदाभाऊ, तुमचं बारशिंग्याचं अगदी बरोबर आणि तिथे बंदी हवीच. इथली गोष्ट वेगळी. पांढऱ्या शेपटीचं हरीण इथे कमी नाही, जास्त आहे, जंगलातली नवीन रोपं खाऊन टाकतात, रात्री गाड्यांवर येतात. किती मारायची ते दरवर्षी काउंटीप्रमाणे ठरतं आणि मारलेलं प्रत्येक हरीण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंदवावं लागतं. १९३७ च्या कायद्यानुसार रायफल आणि गोळ्यांवर ११ टक्के फेडरल कर आहे, तो वन्यजीवांच्या कामालाच जातो. तुम्हाला पटायलाच पाहिजे असं नाही, मला मान्य आहे. पण पोरगं जाणारच आहे तर कोरडं परत येऊ दे.

---

सळसळ

ट्री स्टँडबद्दल मी लिहिते, मी बहुतेक धनुष्यानेच करते त्यामुळे आयुष्य झाडावरच गेलंय म्हणायचं.

बॉगमधल्या झाडावर स्टँड लावू नका. ब्लॅक स्प्रूस आणि टॅमरॅकची मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, खाली घट्ट धरायला काही नाही, आणि यंदा पाणी भरलंय म्हणजे तोही थर सैल झालेला. बीव्हरच्या पाण्यात उभी असलेली झाडं तर बरीचशी मेलेलीच असतात. त्यात ब्लॅक अ‍ॅश या झाडाचं वेगळं प्रकरण. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ साली डेट्रॉइटकडे सापडला, विस्कॉन्सिनात २००८ ला, आणि पाणथळ जागांमधले अ‍ॅश तो पोखरत चाललाय. मेलेला अ‍ॅश अगदी ठिसूळ होतो, अख्खी फांदी काहीही आवाज न करता खाली येते. नोव्हेंबरात पानं नसतात त्यामुळे जिवंत का मेलेला पटकन कळत नाही, साल सुटलीय का आणि सुतारपक्ष्यांनी सोलून पांढरट पट्टे पाडलेत का बघायचं. तसं दिसलं तर त्या झाडाखाली पण बसायचं नाही.

स्टँड लावायचाच तर कोरड्या काठावरच्या जाड जिवंत झाडाला. हार्नेस (पडू नये म्हणून बांधायचे पट्टे) पूर्ण अंगाचा, आणि जमिनीवरून पाय उचलायच्या आधी दोरीला अडकवलेला. बहुतेक लोक चढता-उतरताना पडतात आणि हार्नेस मात्र वर पोचल्यावर अडकवतात! रायफल रिकामी करून दोरीने वर ओढायची, गळ्यात घालून चढायचं नाही. चिखलाच्या बुटांनी शिडीच्या पायऱ्या बर्फासारख्या गुळगुळीत होतात, चढायच्या आधी बूट खोडावर घासून काढा.

नारिंगी कपड्यांचं पण सांगते. नियम आहे कमरेच्या वर बाहेरून दिसणारं निम्मं तरी ब्लेझ ऑरेंज पाहिजे, २०१६ पासून फ्लोरोसंट गुलाबी पण चालतो. पण पाण्यातून जाणारे लोक काय करतात, नारिंगी जॅकेटवर छातीपर्यंतचे चॉकलेटी वेडर्स चढवतात आणि पाठीवर कॅमोची सॅक. झालं, उरल्या दोन बाह्या. वर पाणकणीस डोक्याच्या वर गेलेलं, त्यातून एक चॉकलेटी आकार हलतोय आणि समोर कोणीतरी सकाळपासून हरणाची वाट बघत बसलाय. नारिंगी व्हेस्ट सगळ्यात शेवटी, वेडर्सच्या वर घाला, सॅकला नारिंगी कव्हर, टोपी नारिंगी.

---

बायूकर

मी खाली लुईझियानात, बॅटन रूजला. आमच्याकडे अचाफलायाच्या खोऱ्यात प्रकार उलटा, बर्फ नाही पण पाणी चढतं. वरच्या राज्यांत पाऊस झाला की इथे ऊन असताना नदी वाढते. सकाळी होडी बांधून उंच पट्टीवर गेलात, दुपारी ती पट्टी बेट झालेली. हरणं पण त्याच कोरड्या पट्टीवर गोळा होतात, आणि म्हणूनच काही भागांत नदीच्या मोजपट्टीवर ठराविक पातळी ओलांडली की हरणाचा सीझन बंदच करतात, अडकलेल्या जनावराला मारण्यात काय शिकार आहे. निघायच्या आधी गेज बघायचं, हवामान नंतर. आमच्याकडे सायप्रस झाडाची गुडघ्यासारखी वर आलेली मुळं पाण्याखाली असतात, अंधारात होडी त्यावर चढली की उलटते. आणि उबदार दिवस असेल तर डिसेंबरात पण कॉटनमाउथ साप ओंडक्यावर बसलेला असतो, त्यामुळे न बघता ओंडक्याला हात लावत नाही कोणी.

एक गोष्ट सगळीकडे सारखी. पाण्यावर सपाट कोनात गोळी मारली की ती आत जाईलच असं नाही, उसळून पुढे जाते, कुठे ते सांगता येत नाही. पाणथळ जागा सपाट असते, मागे टेकडी नाही काही नाही. हरीण पाण्यात उभं आहे आणि मागे फक्त आकाश-पाणी, तर तो शॉट सोडायचा, कितीही मोठी शिंगं असोत. आणि जखमी हरीण पाण्यात शिरतं, रक्ताचा माग तिथेच संपतो. त्याचे केस आतून पोकळ असतात म्हणून मेलेलं बहुधा तरंगतं, पण वाहत्या पाण्यात ते कुठे जाऊन अडकेल काय सांगणार.

---

उत्तरेचा_पाहुणा

बापरे, एवढं सगळं. वकिलांना ईमेल टाकला. आजोबांना काकांचा प्रश्न विचारला, ते म्हणाले कनू आहे ना. म्हणजे बीव्हरच्या पाण्यातून कनूने (वल्ह्याच्या अरुंद होडीने) उंचवट्यावर जायचं आणि हरीण पण कनूतूनच आणायचं. हे ऐकायला तर बरं वाटतंय? आणि वेडर्सचं राहिलंच. मित्र म्हणतो वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा खाली जातो, म्हणून तो घालूच नको म्हणतोय.

---

तळ्याकाठचा_काका

कनू म्हणाले म्हणजे आजोबांनी विचार केलाय, चांगलं आहे.

वेडर्सबद्दल मित्राचं अर्धंच खरं. आत शिरलेलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखंच, त्यामुळे ते पाण्यात तुम्हाला खाली ओढत नाही. त्रास होतो तो बाहेर येताना, तेव्हा ते सगळं वजन पायात लोंबतं आणि काठावर चढता येत नाही. म्हणून छातीच्या वेडर्सवर कमरेला पट्टा घट्ट बांधायचा, पाणी कमी शिरतं. पण कनूत बसताना वेडर्स नकोच. तुम्हाला बॉगची कडेची पट्टीच ओलांडायची असेल तर गुडघ्याच्या वरपर्यंतचे, आतून निओप्रीनचे रबरी बूट पुरे. त्याहून खोल पाणी असेल तर त्या जागी चालत जायचंच नाही, हा माझा नियम. आणि बूट एक नंबर मोठे घ्या, दोन मोजे घालून बोटं हलली पाहिजेत. पायाला घट्ट बूट असला की आधी पायच गार पडतात.

कनूत लाइफ जॅकेट प्रत्येकाला, अंगात घातलेलं, बुडाखाली ठेवलेलं नाही. फोमचं घ्या. गॅसने फुगणारी कडाक्याच्या थंडीत भरवशाची नसतात. रंग नारिंगीच घ्या म्हणजे सळसळताईंचा मुद्दा पण सुटला. रायफल रिकामी, चेंबर उघडं, गोळ्या खिशात, आणि शक्यतो तरंगणाऱ्या केसमध्ये. चढताना उतरताना कनू हलते आणि तेव्हाच नळी कोणाच्या तरी पोटाकडे वळते. कोर्समध्ये टॅब-के (बंदूक सुरक्षेचे चार नियम) शिकवलं असेल ना, त्यातला नळीच्या दिशेचा नियम खरा कामाला येतो तो इथे. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावून ठेवा, एकच थर. तोंडात चिखल किंवा स्नो गेला आणि कळलं नाही तर गोळी झाडताना नळी फुटू शकते, टेप असली की तो प्रश्न नाही, तशीच झाडली तरी चालते. काठी म्हणून रायफल टेकवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्यापासून चार हात लांब.

येताना हरीण मधोमध, तळाला, डोकं आणि पाय आत बांधलेले. दोन माणसं आणि मोठा बक एकाच खेपेत बसत नसेल तर दोन खेपा. आधी हरीण आणि एकजण, मग दुसरा. आजोबा "बसतंय की" म्हणतील, तेव्हा कनूच्या काठापासून पाणी किती खाली राहिलंय ते बघा. वीतभर तरी पाहिजे. कोरड्या जमिनीवर मग प्लास्टिकची जेट स्लेड (ओढायची घसरगाडी), ती बॉगच्या शेवाळावरून पण मस्त घसरते. घरी मांस खाणार असाल तर डोकं सीडब्ल्यूडीच्या (हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या) टेस्टला द्यायला विसरू नका, विस्कॉन्सिनात तो रोग २००२ पासून आहे आणि टेस्ट फुकट आहे.

---

उत्तरेचा_पाहुणा

आणि समजा त्या शनिवारी तळ्यावर पातळ बर्फ असला तर? म्हणजे कनू जाईल का त्यातून? आजोबा म्हणतात वल्ह्याने फोडत जायचं.

---

तळ्याकाठचा_काका

कागदासारखा असेल तर फुटतो, कनू जाते. बोटभर जाड झाला की ना चालता येत ना वल्हवता येत, तुम्ही मध्यावर जाऊन अडकता, ज्या फटीतून गेलात ती दुपारपर्यंत ऊन नसेल तर पुन्हा गोठते, आणि बर्फ फोडायला पुढे वाकलेल्या माणसामुळेच कनू उलटते. शनिवारी पहाटे टॉर्च घेऊन काठावर जा, वल्ह्याचं टोक एकदा टेकवा. सहज आत गेलं तर जा. दोनदा मारावं लागलं तर आजोबांना सांगा की आज अलीकडच्या काठावर, जिथे पाणकणीस संपून ऑल्डरची झुडपं लागतात, तिथेच बसू. पहिल्या दिवशी रस्त्याकडून सगळे शिकारी आत शिरतात, हरणं त्यांच्यापासून पळत पाण्याकडेच येतात, आणि तो काठ त्यांच्या वाटेवर असतो. आजोबांना हे माहीत असणार, त्यांना फक्त कनू काढायची आहे.

---

सळसळ

अगदी. आणि तिथे बसणार असाल तर बसायला काहीतरी कोरडं न्या, माझी पाच गॅलनची बादली असते, झाकणावर फोम चिकटवलेला. येताना त्यातच कलेजी.